मृगळ वर कशाला आलता

आमच्या तळ्याच्या बांधावर एक पाटी आहे. निळी, चकचकीत, खाली लोखंडी पाय. वर लिहिलंय, ‘येथे आढळणारे मासे’, आणि खाली पाच नावं : कटला, रोहू, मृगळ, मरळ, चिलापी. शेजारी चित्र काढलंय ते पापलेटाचं. चाकणच्या अलीकडच्या गावातल्या पाझर तलावात पापलेट! पण मला चीड त्या पापलेटाची नाही. ती पाच नावं माझ्या तोंडची आहेत. मी बोललो, त्यांनी छापली, आणि आज त्यातली चार तिथे नाहीत. त्या पाटीवरून जाताना आजही माझं डोकं तापतं, आणि रोज दोनदा त्या पाटीवरूनच जावं लागतं, कारण कंपनीचा रस्ता तोच आहे.

मासा आवाजावरून ओळखायचा हे मला आबांनी शिकवलं. आबा म्हणजे माझे वडील. आमच्या तळ्यावर जुनी रीत आहे. गळ टाकायच्या आधी मासा बोलायचा. म्हणजे पाण्यात कुठे तरी उसळी झाली की मोठ्याने त्या माशाचं नाव घ्यायचं, आणि मगच तिकडे गळ टाकायचा. बोललेला मासा लागला तर तुमचा. दुसराच लागला तर मुकाट्याने परत पाण्यात सोडायचा आणि दिवसभर बाकीच्यांची टिंगल ऐकायची. माझ्या चुलत्याने एकदा रोहू बोलून हाताएवढा कटला ओढला होता, तो सोडताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पण सोडला.

मला शिकवताना आबा मला तळ्याकडे पाठ करून बसवायचे. डोळे फसवतात, कान नाही फसवत, असं त्यांचं म्हणणं. मी डोंगराकडे तोंड करून बसायचो आणि मागे पाणी वाजायचं. कटला वाजला की ओली गोधडी दगडावर आपटल्यासारखं व्हायचं, धप्प, आणि मग बराच वेळ खळखळ. रोहूचं एकच सप्प, स्वच्छ. चिलापी म्हणजे मोहरी तडतडावी तशी बारीक चुटचुट, एक थांबली की दुसरी. मरळ वर येतो तो तोंडभर हवा घ्यायला, टुपुक, की संपलं, पाणी हलत पण नाही. आणि मृगळ? मृगळाचा आवाज कसा असतो हे विचारलं की आबा म्हणायचे, त्याची घाई करू नको. तो तळाला बसणारा, चिखलात तोंड घालून खाणारा गडी. पावसाळ्यात ओढ्याचं नवं पाणी आलं की वर्षाकाठी एखाद-दोनदा उसळतो. शेपटीने पाणी फाडतो, जुन्या कापडाचं धडपं फाटल्यासारखं वाजतं. मी तेरा-चौदा वर्षांचा झालो तेव्हा तो आवाज पहिल्यांदा ऐकला.

कान तयार झाला तो पुढे पोटाच्या उपयोगी पडला. कंपनीत मी क्वालिटीला आहे. कास्टिंगला, म्हणजे ओतीव लोखंडी भागाला, बारक्या हातोडीने ठोका द्यायचा आणि आवाजावरून आत तडा आहे का सांगायचं. मशीन आहेच, पण मशीनने पास केलेला माल माझ्या कानाने परत पाठवलाय असं बऱ्याचदा झालंय. सुपरवायझर म्हणतो, राव, तुमच्या कानाचा विमा काढा. हे सांगतोय ते फुशारकी म्हणूनच सांगतोय. ह्या फुशारकीनेच माझा घात केला.

तळ्याच्या पूर्वेला आता सोसायटी आहे. सात टॉवर, प्रत्येकाची गॅलरी पाण्याकडे. फ्लॅट विकताना तळंच दाखवलं होतं, आणि फ्लॅट विकल्यावर मैला त्याच तळ्यात सोडला. मैला शुद्ध करायचं यंत्र सोसायटीत आहे, नाही असं नाही. पण ते चालवायला लाईट फार लागते म्हणून ते बंद असतं, हे तिथल्याच वॉचमनने सांगितलं. कोपऱ्यात झुडपांच्या आड एक जाड पाइप तळ्यात उतरतो. आबांनी तो पाइप शोधला, रोज जाऊन पाहिला, आणि एक दिवस आपल्या हाताने अर्ध्या पानाचा अर्ज लिहिला. खाली सही केली आणि तालुक्याच्या कार्यालयात नेऊन दिला. पंचाहत्तरीचा माणूस, एसटीने तीनदा गेला. मी काय केलं? मी म्हटलं, आबांचं आपलं काही तरी चालूच असतं. हे मी म्हटलं, लपवून काय उपयोग.

सोसायटीचे सेक्रेटरी मला एका संध्याकाळी तळ्यावर भेटले. पन्नाशीचे, आयटीतले, पिंपळे सौदागरच्या गर्दीला कंटाळून मोकळ्या हवेसाठी इकडे आलेले. बोलायला साखर. मी मासा बोलून गळ टाकला, आणि बोललेलाच मासा लागला, तेव्हा ते मागे उभे होते. त्यांना ह्या गोष्टीचं इतकं कौतुक वाटलं की त्यांनी माझा नंबरच घेतला. चार दिवसांनी फोन आला. भाऊ, रविवारी सकाळी सोसायटीतली मंडळी तळ्याकाठी फिरायला निघणार आहेत, निसर्गाची ओळख म्हणून. तुम्ही मासे ओळखून दाखवाल का? हल्ली मासे खूप दिसतायत, सकाळी सकाळी नुसते नाचत असतात पाण्यावर.

नाचत असतात. हा शब्द ऐकून माझ्या डोक्यात काही तरी वाजायला हवं होतं. नाही वाजलं. आमची सुट्टी गुरुवारची, म्हणून मी एकाला गळ घालून रविवारी सेकंड शिफ्ट मागून घेतली. बायकोने इस्त्रीचा शर्ट काढून दिला. आबा घरी नव्हते, चऱ्होलीला माझ्या बहिणीकडे दोन दिवस गेले होते. ते असते तर मी गेलो असतो का? गेलो असतो. पण ते बरोबर आले असते, आणि सगळंच वेगळं झालं असतं.

मार्चचे दिवस होते, सूर्य नुकता वर आलेला. तीस-चाळीस माणसं जमली होती, सगळ्यांच्या हातात फोन. मी आलो तेव्हाच पाणी उसळत होतं. ते तळं आमच्या बापजाद्यांचं, ही फ्लॅटवाली मंडळी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवणार, आणि मला काय सुचावं? मी म्हटलं, बघून कुणीही ओळखेल, मी न बघता सांगतो. आणि लहानपणी बसायचो तसा तळ्याकडे पाठ करून उभा राहिलो.

मागे धप्प झालं, मी म्हटलं कटला. सप्प झालं, रोहू. चुटचुट चालली होती तिला चिलापी म्हटलं. टुपुकला मरळ. दर वेळी लोक फोनमध्ये बघून हो हो म्हणत होते, जसं काही त्यांना कळतच होतं. आणि मग धडपं फाटल्यासारखा आवाज आला. माझ्या अंगावर काटा आला. मी जवळजवळ ओरडलोच, मृगळ. हा फार क्वचित ऐकायला मिळतो, मंडळी, तुमचं नशीब मोठं. परत फाटल्यासारखं झालं. अजून एक मृगळ. आणखी एक. सेक्रेटरींनी विचारलं की म्हणजे तळं चांगलं आहे म्हणायचं ना, आणि मी, ह्या तोंडाने, म्हणालो, एकदम फर्स्ट क्लास.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पोह्यांची बशी घेतली, चहा घेतला, चार जणांनी माझ्याबरोबर फोटो काढले. पाण्याकडे मी नीट पाहिलंसुद्धा नाही, कारण कौतुकातच गुंग होतो. जे बघत होते त्यांना कळत नव्हतं, आणि ज्याला कळत होतं तो पाठ करून उभा.

पंधरा दिवसांनी आबांच्या नावाने कागद आला. मी फर्स्ट शिफ्टवरून तीनच्या सुमाराला घरी आलो तर आबा ओट्यावर बसलेले, चष्मा लावून तोच कागद परत परत वाचत होते. त्यांनी तो माझ्या हातात दिला. तक्रारीत तथ्य आढळून आले नाही, असं होतं. खाली कारण : स्थानिक जाणकारांनी तलावात पाच जातींचे मासे मुबलक व सक्रिय असल्याचे प्रत्यक्ष ओळखून दाखवले असून त्याचे चित्रीकरण उपलब्ध आहे.

स्थानिक जाणकार. मी.

नंतर वॉचमनकडून कळलं ते असं. तालुक्याच्या कार्यालयातले साहेब पाहणीला आले दुपारी बाराला, क्लब हाऊसमध्ये एसीत बसले, सेक्रेटरींनी त्यांना मोठ्या टीव्हीवर माझा व्हिडिओ दाखवला. पाइपाकडे कोणी गेलंच नाही, उन्हात कोण जाणार. माझ्या बापाने तीन हेलपाटे घालून दिलेला अर्ज माझ्या आवाजाने निकाली काढला. मी संतापाने सेक्रेटरींना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, भाऊ, मी काही खोटं दाखवलं का, तुम्ही जे बोललात तेच दाखवलं. आणि खरंच, त्यांनी खोटं काहीच दाखवलं नव्हतं. त्यामुळे तर मला आणखी चीड आली.

आबा म्हणाले, तो व्हिडिओ दाखव. माझ्या फोनवर होता, मीच दहा जणांना पाठवला होता. मी लावला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी बघितला नाही. डोळे मिटून ऐकू लागले. कटल्याला मान हलवली, रोहूला मान हलवली. मला वाटलं, निदान ओळखले तरी बरोबर ह्याचं समाधान वाटतंय त्यांना. मृगळाचा आवाज आला तसा त्यांनी हात वर केला. मी व्हिडिओ थांबवला.

“मृगळ वर कशाला आलता?” आबांनी विचारलं.

मी तो तुकडा परत लावला.

“मार्चात नवं पानी हाय का? ओढा आलाय का? तळाचा मासा एकामागं एक वर येतोय, आन् तू त्याचं नाव सांगतोस? का आलाय ते न्हाई इचारलंस?”

मग त्यांनी फोन हातात घेतला आणि चित्र बोटाने थांबवून मला दाखवलं. मी तोपर्यंत तो व्हिडिओ वीसदा पाहिला असेल, पण प्रत्येक वेळी स्वतःलाच पाहिलं होतं. माझ्या खांद्यामागे पाणी होतं, आणि पाण्यात तोंडं होती. ओळीने. सगळी उघडी, आभाळाकडे. वरचे, मधले, तळाचे, सगळे एकाच जागी, हवेसाठी वर आलेले. त्यांना पाण्यात श्वास मिळत नव्हता. मी त्यांची नावं घेत होतो आणि माणसं टाळ्या वाजवत होती.

पुढच्या आठवड्यात मासे मेले. आधी कटले, मग बाकीचे, पांढरी पोटं वर. बांधाच्या कडेला थर लागला होता. सोसायटीने वास येतो म्हणून जेसीबी बोलावला, खड्डा काढला आणि पुरून टाकले. ग्रुपवर मेसेज फिरला की उन्हामुळे असं होतं, काळजी नसावी. त्याच आठवड्यात ती निळी पाटी लागली. मासे खड्ड्यात, नावं पाटीवर. लाज म्हणून काही असते की नाही? आबा त्या दिवशी सकाळी तळ्याला एक फेरी मारून आले आणि जेवायला बसले नाहीत.

गुरुवारी मी त्या कार्यालयात गेलो. हातात अर्ज : व्हिडिओतला आवाज माझा आहे, मी चुकलो, ते मासे गुदमरत होते, आबांची तक्रार परत उघडा. साहेबांनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, तुम्ही हे कशाच्या आधारावर म्हणता, तुमचं शिक्षण काय, मत्स्यशास्त्र वगैरे केलंय का? मी म्हटलं, साहेब, मागच्या कागदात तुम्हीच मला जाणकार लिहिलंय. ते म्हणाले, ते वेगळं.

काय वेगळं? सगळं छान आहे म्हणालो तेव्हा जाणकार, आणि मासे मेले म्हणालो की माझी डिग्री काढा? मी तिथे आवाज चढवला. शिपाई दारात येऊन उभा राहिला. मी बाहेर आलो, पाणी प्यायलो, आणि पुढच्या गुरुवारी परत गेलो. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. पाचव्या गुरुवारी साहेब माझ्या तोंडाला कंटाळले आणि म्हणाले, येतो, परत पाहणी करतो. मी म्हटलं, उजाडताना या, पाण्यातली हवा तेव्हा सगळ्यात कमी असते, पाण्याचं खरं तेव्हाच कळतं. ते आले नऊ वाजता. आले हेच खूप.

बांधावर आम्ही चौघं. साहेब, सेक्रेटरी, आबा आणि मी. आधी मी त्यांना झुडपं बाजूला करून पाइप दाखवला. सेक्रेटरी म्हणाले, ते पावसाचं पाणी जायला आहे. मे महिन्यात पावसाचं पाणी, आणि त्याला फेस. साहेबांनी नाकाला रुमाल लावला पण लिहिलं काही नाही. मग सेक्रेटरी हसत मला म्हणाले, भाऊ, तुम्ही ते उलटं उभं राहून ओळखता ना, साहेबांना एकदा प्रत्यक्ष दाखवा, म्हणजे मासे आहेत की नाहीत हा प्रश्नच मिटेल.

त्या क्षणी त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, हे मी इथे लिहून ठेवतो. पण आबा माझ्या शेजारी उभे होते. मी तळ्याकडे तोंड करून उभा राहिलो, आणि पाहू लागलो. पाणी हिरवट, जाड, हलत नव्हतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. लांबून कंपनीच्या प्रेसचा दणका ऐकू येत होता, हायवेचे हॉर्न ऐकू येत होते. पाण्यातून काही नाही. जन्मात मी ते तळं इतकं गप्प ऐकलं नव्हतं. साहेब घड्याळ बघायला लागले.

आणि टुपुक झालं.

सेक्रेटरींनी बोट दाखवलं. बघा साहेब, आहे की मासा, ह्यांचं आपलं उगाच. साहेबांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. त्यांनी वही उघडली, तलावात मासे दिसून आले असं लिहायला सुरुवात केली. मी पुढे होऊन वहीवर हात ठेवला.

“साहेब, नाव लिहा. मरळ. त्या पाचांत हा एकच मासा असा आहे की तो वर येऊन आपल्यासारखी हवा घेतो. पाण्यात जीव राहिला नाही तरी हा जगतो. तो एकटा उरलाय, म्हणजे बाकीचे का गेले ते कळतं. एकच दिसला, असं लिहा.”

साहेब म्हणाले, एवढं बारीक लिहायची पद्धत नाही. तेव्हा आबा पहिल्यांदा बोलले. आवाज न चढवता.

“आमच्या तळ्यावर मासा बोलल्याबिगर गळ टाकत न्हाईत, साहेब. आन् बोललेला मासा मागनं बदलत न्हाईत. ह्यो बोललाय. लिवा.”

साहेबांनी आबांकडे पाहिलं. मग मघाचं वाक्य खोडलं आणि लिहिलं. मासा मरळ, संख्या एक. पाइप, पाण्याला फेस व दुर्गंधी. मी सही केली, आबांनी सही केली. सेक्रेटरींनी, कमिटीला विचारावं लागेल, म्हणून केली नाही. आबांची तक्रार परत उघडली. सोसायटीला नोटीस गेली, पाइपला सध्या बूच मारलंय. किती दिवस टिकतं ते बघू. पाटी तेवढी अजून आहे. ती काढायला कुणाची परवानगी लागते हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही, आणि मी विचारायचं सोडलेलं नाही.

त्या दिवशी आम्ही दोघं चालत घरी निघालो. माझ्या डोक्यात नुसता जाळ होता. सेक्रेटरीला काय काय सुनवायचं राहिलं, साहेबाला काय काय सुनवायचं राहिलं, ह्याची यादी मी मनात करत होतो. निम्म्या वाटेत आबा थांबले, काठी टेकली. मला वाटलं दम लागला. मी त्यांचा दंड धरला.

“तुला म्या पाठ करून बसवला,” ते म्हणाले. “मासा नुसता वळखायला शिकवला. त्याच्याकडं बघायला न्हाई शिकवलं. चुकलं माझं, लेका.”

दोन महिने मी सगळ्यांवर आग पाखडत होतो. सोसायटीवर, साहेबावर, त्या टाळ्या वाजवणाऱ्यांवर. त्यांनी हे म्हटलं आणि मी नुसता त्यांचा दंड धरून पुढे चालू लागलो. मी त्यांना म्हणायला हवं होतं की आबा, चूक तुमची नाही, पाठ मी फिरवली. ते मी म्हणालो, पण घरी पोचल्यावर, आणि तोवर ते हातपाय धुवायला मोरीत गेले होते.